मागणीपुरती सरकणारी जोडी

अकरावीच्या रसायनशास्त्रात सेंद्रिय रसायनाची पायाभूत तत्त्वं सांगणारा जो पाठ असतो, त्यात इलेक्ट्रॉन सरकण्याचे चार प्रकार एकापाठोपाठ येतात: इंडक्टिव्ह, इलेक्ट्रोमेरिक, रेझोनन्स आणि हायपरकॉन्ज्युगेशन. त्यांतले तीन कायमचे आणि एक तात्पुरता. तो तात्पुरता म्हणजे इलेक्ट्रोमेरिक. दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेल्या रेणूवर एखादा अभिक्रियाकारक चाल करून आला, की त्याच्या मागणीनुसार बंधातली पाय-इलेक्ट्रॉनांची जोडी पूर्णपणे एका अणूकडे जाते, आणि अभिक्रियाकारक दूर केला की ती परत येते, अशी व्याख्या मुलं पाठ करतात. जेईईच्या अभ्यासक्रमात हा परिणाम नाव घेऊन दिलेला आहे. 'खालीलपैकी तात्पुरता परिणाम कोणता?' हा तर क्लासवाल्यांचा हक्काचा एक गुण.

आता दुसरी बाजू. रसायनशास्त्राच्या परिभाषेवर ज्या संस्थेचा शब्द अखेरचा मानला जातो, त्या आययूपीएसीनं 1994 साली भौतिक-सेंद्रिय रसायनाचा शब्दकोश काढला. त्यात इलेक्ट्रोमेरिक परिणामाच्या नोंदीखाली ही संज्ञा वापरातून जात चालल्याचा, किंबहुना गेल्याचाच शेरा आहे. पण शेरा मारून कोश थांबत नाही. 'इलेक्ट्रॉनांची मागणी' आणि तिला रेणू देत असलेला प्रतिसाद अशा भाषेत आजचे अभ्यासक जे मोजतात, त्यात हाच परिणाम दडलेला आहे, असंही तो सांगतो. एकीकडे लाखो विद्यार्थी एक संज्ञा घोकतात, दुसरीकडे तिच्यावर कालबाह्यतेचा शिक्का, आणि तरी तिच्यातला आशय प्रयोगशाळेत जिवंत. हे कसं झालं? माझ्या मते यातली कल्पना पक्की आहे आणि व्याख्या कच्ची. कल्पना सिद्ध करणारे आकडे नंतरच्या काळात मिळाले, पण तोवर पाठ्यपुस्तकांतली व्याख्या गोठून गेली होती.

गोष्ट सुरू होते 1903 साली. आर्थर लॅपवर्थ हा इंग्रज रसायनज्ञ हायड्रोजन सायनाइड कार्बोनिल गटाला कसं जोडलं जातं, हे तपासत होता. त्यानं युक्ती चांगली काढली: कॅम्फरक्विनोन हा पिवळा पदार्थ घ्यायचा आणि त्याचा रंग जायला किती वेळ लागतो ते पाहायचं. आम्ल घातलं की अभिक्रिया रेंगाळे, अल्कली थेंबभर पडली तरी झपाट्यानं होई. म्हणजे हल्ला हायड्रोजन सायनाइडचा अख्खा रेणू करत नव्हता, करत होता तो ऋणप्रभारित सायनाइड. तो कार्बोनिलच्या कार्बनला चिकटणार, तर त्या कार्बनवर जागा व्हायला हवी, आणि त्यासाठी कार्बन-ऑक्सिजनमधल्या बंधानं ऑक्सिजनच्या बाजूला झुकायला हवं. इलेक्ट्रॉनाचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना अजून मांडली जायची होती. लॅपवर्थनं अभिक्रियेचा मार्ग बरोबर ओळखला, आणि त्या मार्गावर नेमकं काय सरकतं हे सांगणारी भाषा मात्र त्याच्या हाती नव्हती.

ती भाषा गिल्बर्ट लुईसनं 1916 साली दिली: एक बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. त्यानंतर 1922 साली रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्यम केरमॅक यांच्या निबंधात इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारे वाकडे बाण छापून आले. आज जगातल्या प्रत्येक सेंद्रिय रसायनाच्या वहीत हे बाण असतात. यातल्या केरमॅकची कहाणी विलक्षण आहे. दोनच वर्षांनी, 1924 मध्ये, एडिंबरोच्या प्रयोगशाळेत डोळ्यांत दाहक अल्कली उडून तो कायमचा आंधळा झाला. प्रयोगांची वाट बंद झाल्यावर त्यानं गणिताकडे मोहरा वळवला आणि अँडरसन मॅकेंड्रिकच्या जोडीनं 1927 साली साथरोग कसे पसरतात याचं गणित मांडलं. कोविडच्या काळात रोज कानांवर पडणाऱ्या आलेखांचं मूळ त्या निबंधात आहे. आणि त्यांनी आपलं समीकरण पडताळून पाहिलं ते 1905-06 मधल्या मुंबईच्या प्लेगच्या आकडेवारीवर. वाकड्या बाणांचा एक जनक अशा वाटेनं आपल्या मुंबईच्या इतिहासात येऊन बसला आहे.

रॉबिन्सनचा मराठी मुलुखाशी संबंध याहून सरळ आहे. मँचेस्टरला त्याच्या हाताखाली शिकलेले के. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे, प्रमुख झाले आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही अभिक्रिया त्यांच्या नावानं ओळखली जाते, आणि बाण काढल्याशिवाय ती समजावून सांगणं अवघड आहे.

बाण रॉबिन्सनचे, पण शिस्त आणली ख्रिस्तोफर इंगोल्डनं, आधी लीड्समध्ये आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. 1934 साली 'केमिकल रिव्ह्यूज'मध्ये त्याचा जो प्रदीर्घ लेख आला, त्यात इलेक्ट्रॉन सरकण्याची चार खणांची मांडणी होती. आडव्या ओळीत सरकण्याची रीत: एकेरी बंधातून होणारी ओढ, किंवा पाय-बंधातून होणारी अदलाबदल. उभ्या ओळीत वेळ: रेणू स्वस्थ असतानाही असलेली स्थिती, किंवा अभिक्रियाकारक आल्यावर दिलेला प्रतिसाद. कायमच्या खणांत इंडक्टिव्ह आणि मेसोमेरिक (आपल्या पुस्तकांतला रेझोनन्स); तात्पुरत्या खणांत इंडक्टोमेरिक आणि इलेक्ट्रोमेरिक. आपल्या पुस्तकांनी यातला इंडक्टोमेरिक हा खण जवळपास गाळूनच टाकला, त्यामुळे इलेक्ट्रोमेरिक परिणाम एकटाच, जोडीदाराशिवाय, उपरा वाटतो. रॉबिन्सनला अखेरपर्यंत वाटत राहिलं की आपल्या कल्पना इंगोल्डनं नवी नावं देऊन पळवल्या. 1947 चं नोबेल रॉबिन्सनला मिळालं, तेही वनस्पतींतल्या अल्कलॉइडांवरच्या कामासाठी. इंगोल्डला ते कधीच मिळालं नाही. या भांडणात कोण किती खरा, यावर रसायनाच्या इतिहासकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही; इंगोल्डच्या चार खणांतली उभी रेघ मात्र लाखमोलाची होती.

ती रेघ अशी. रेणूतला इलेक्ट्रॉनांचा समतोल आधीच किती ढळलेला आहे, ही एक गोष्ट. आणि बाहेरून ओढ लागली तर तो आणखी किती ढळू शकतो, ही दुसरी. गादीला आधीचा खड्डा किती आहे यावरून माणूस बसल्यावर ती किती दबेल हे कळत नाही, तसंच. पहिली गोष्ट मोजता येते. फॉर्माल्डिहाइडचं द्विध्रुव आघूर्ण 2.33 डिबाय आहे. कार्बन-ऑक्सिजनमधलं अंतर पाहता एक अख्खा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे गेला असता तर ते 5.8 च्या आसपास भरलं असतं. म्हणजे ढोबळ हिशेबानं स्वस्थ रेणूतच चाळीस टक्के झुकाव आहे, आणि सायनाइड जवळ येतो तसा तो वाढत जातो. वाढणारा हा भाग म्हणजे इलेक्ट्रोमेरिक परिणाम. या परिणामाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे: तो मागणीतून उपजतो, त्यामुळे अभिक्रियेला मदतच करतो. कायमचा परिणाम अभिक्रियेला आडवाही येऊ शकतो.

हे दोन्ही एकाच रेणूत भांडताना पाहायचे असतील, तर क्लोरोबेंझीनकडे जावं लागतं. क्लोरीन बेंझीनच्या वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे वलय इलेक्ट्रॉन शोधत येणाऱ्या अभिक्रियाकारकाला नाखूष होतं. नायट्रेशनचा वेग बेंझीनसाठी 1 धरला तर क्लोरोबेंझीनसाठी तो 0.033 येतो, म्हणजे तीसपट मंद. इलेक्ट्रॉन ओढणारे बाकीचे गट, उदाहरणार्थ नायट्रो गट, नवागताला मेटा जागी पाठवतात. क्लोरीन मात्र तसं करत नाही. सुमारे 30 टक्के उत्पादन ऑर्थो, 69 टक्के पॅरा आणि मेटा जेमतेम 1 टक्का. एकाच वेळी वलयाला थंड करायचं आणि तरी ऑर्थो-पॅराची वाट दाखवायची, हे कसं?

क्लोरीनजवळ वापरात नसलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या आहेत. स्वस्थ रेणूत त्यांतला थोडासाच हिस्सा वलयाकडे परततो. तो परततो याचा पुरावा लेस्ली सटननं 1931 साली द्विध्रुव आघूर्णांची तुलना करून दिला: क्लोरोमिथेनचं आघूर्ण 1.9 डिबायच्या जवळ, क्लोरोबेंझीनचं 1.7 किंवा त्याहून कमी. ही फेड तुटपुंजी आहे, ओढीपुढे ती टिकत नाही. पण नायट्रेशन करणारा नायट्रोनियम आयन पॅरा जागी चिकटू लागला की वलयावर धनप्रभार जमतो, त्यातला काही नेमका क्लोरीनच्या बुडाशी येतो, आणि क्लोरीनला आपली जोडी जास्त जोरानं पुढे करावी लागते. मेटा जागी हल्ला झाला तर धनप्रभार क्लोरीनच्या कार्बनपर्यंत पोचतच नाही. मागणी नाही, म्हणून पुरवठाही नाही. वेग जागेनुसार वाटून पाहिला तर चित्र स्वच्छ दिसतं. बेंझीनच्या एका जागेच्या तुलनेत क्लोरोबेंझीनची पॅरा जागा 0.14, ऑर्थो 0.03 आणि मेटा 0.0009. सगळ्याच जागा मंदावल्या; मेटा हजारपट बुडाली, पॅरा सातपटीवर निभावली. पॅरा वाचली ती या तात्पुरत्या मदतीनं.

इथे आपल्या पुस्तकांतलं एक वाक्य अडचणीत येतं. इंडक्टिव्ह आणि इलेक्ट्रोमेरिक परिणाम परस्परविरुद्ध असले, तर इलेक्ट्रोमेरिकच वरचढ ठरतो, असं अकरावीच्या पुस्तकात सरसकट लिहिलेलं असतं. क्लोरोबेंझीनमध्ये एकूण वेग ठरवतो इंडक्टिव्ह आणि जागा ठरवतो इलेक्ट्रोमेरिक. वरचढ कोण, हा प्रश्नच इथे नीट विचारलेला नाही. वाईट हे की पुढच्याच वर्षी, बारावीला, त्याच मुलांना हॅलोजन वलयाला मंद करतात हे शिकवलं जातं, आणि आदल्या वर्षीच्या त्या वाक्याची आठवण कुणी काढत नाही.

तात्पुरतं सरकणं असं स्वतंत्र मोजता येतं का? येतं, आणि या परिणामाचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे. लुई हॅमेटनं 1930 च्या दशकात बेंझोइक आम्लांच्या तीव्रतेवरून प्रत्येक गटाला एक आकडा दिला, सिग्मा. पॅरा जागीच्या मेथॉक्सी गटाचा सिग्मा उणे 0.27. पण बेंझोइक आम्लाच्या आयनीभवनात वलयाकडे इलेक्ट्रॉनांची मोठी मागणी होत नाही, त्यामुळे हा आकडा मुख्यतः स्वस्थ स्थितीचा. 1950 च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट ब्राउन आणि त्याचे सहकारी वेगळ्याच अभिक्रियेकडे वळले: क्युमिल क्लोराइडमधून क्लोराइड निघून जातो आणि वलयाला लगटून असलेल्या कार्बनवर नागडा धनप्रभार उरतो. यापेक्षा मोठी मागणी ती कुठली? हॅमेटच्या जुन्या आकड्यावरून हिशेब केला, तर पॅरा मेथॉक्सी गटानं ही अभिक्रिया साधारण सतरापट वेगवान व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती 3360 पट वेगवान झाली. सतरा आणि 3360 यांच्यामधलं अंतर म्हणजे मागणी आल्यावर मेथॉक्सीनं मोकळी सोडलेली थैली.

ब्राउननं 1958 साली या नव्या आकड्यांना सिग्मा-प्लस म्हटलं. मेथॉक्सीचा आकडा उणे 0.27 वरून उणे 0.78 वर गेला, क्लोरीनचा 0.23 वरून 0.11 वर उतरला. फ्लोरीननं तर बाजूच बदलली: 0.06 चा उणे 0.07 झाला. ओढणारा गट मागणी येताच देणारा झाला. दुसऱ्याच वर्षी ओसाकाच्या युकावा आणि त्सुनो यांनी आणखी बारीक काम केलं. प्रत्येक अभिक्रियेत मागणी सारखी नसते, तर मग तिलाच एक आकडा द्यावा. त्यांनी तो 'आर' या अक्षरानं दाखवला. बेंझोइक आम्लासाठी शून्य, क्युमिल क्लोराइडसाठी 1, बहुतेक अभिक्रिया अधेमधे. धनप्रभाराशेजारी ट्रायफ्लोरोमिथिल गटासारखा कंजूष शेजारी असला की 'आर' 1 च्या वर जातो, कारण मग सगळा भार वलयावर येतो. या आकड्यांना इलेक्ट्रोमेरिक हे नाव मिळालं नाही. तो परिणाम मात्र इथे दशांशापर्यंत मोजलेला आहे.

ऋणप्रभाराच्या बाजूलाही हेच. फेनॉलचा पीकेए 10, मेटा नायट्रोफेनॉलचा 8.4, पॅरा नायट्रोफेनॉलचा 7.15. नायट्रो गटाच्या साध्या सिग्मावरून पॅरासाठी हिशेब केला तर 8.3 च्या आसपास येतो. उरलेली दहापटीहून जास्त आम्लता, प्रोटॉन सुटल्यावर ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन थेट नायट्रोपर्यंत सरकण्याची मुभा मिळते म्हणून. इथे एक खुलासा हवा. प्रोटॉन गेल्यावर जो आयन उरतो, त्यात हे सरकणं तात्पुरतं नाही, त्या आयनाची ती कायमची ठेवण आहे. तात्पुरतं आणि कायमचं यांतली सीमा रेणू कुठल्या टप्प्यावर पाहतो यावर ठरते, आणि संज्ञा वापरातून जाण्याचं एक कारण हेही आहे. अभिक्रिया हा एक अखंड प्रवास मानला, तर सुरुवातीच्या रेणूचा 'प्रतिसाद' आणि मधल्या अवस्थेचं 'संस्पंदन', म्हणजे रेझोनन्स, ही एकाच घटनेची दोन वर्णनं होतात.

आता व्याख्येतल्या कच्च्या जागा. पहिली, 'पूर्णपणे'. एथिलीनवर ब्रोमीन टाकलं की पाय-जोडी आधी एका कार्बनवर गोळा होते, दुसरा कार्बन उघडा पडतो आणि मग ब्रोमीन येतं, असं चित्र मुलं काढतात. ते खरं असतं तर उघड्या कार्बनभोवती बंध मोकळेपणानं फिरला असता आणि दोन ब्रोमीन कुठल्याही बाजूनं जोडले गेले असते. साध्या अल्कीनांत तसं होत नाही. दोन ब्रोमीन एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी जोडले जातात. याचं स्पष्टीकरण रॉबर्ट्स आणि किमबॉल यांनी 1937 साली दिलं: पहिलं ब्रोमीन दोन्ही कार्बनांना एकदम धरून तीन कोनांचं वलय करतं. 1985 साली एका अवजड अल्कीनाच्या बाबतीत हे वलय क्ष-किरणांनी स्फटिकात प्रत्यक्ष दिसलं. जोडी कुणा एका अणूकडे पूर्ण कधी गेलीच नाही. येणाऱ्याशी नवा बंध जमत गेला तसतशी ती सरकत गेली.

दुसरी कच्ची जागा, 'परत येते'. अभिक्रियाकारक अर्ध्या वाटेतून मागे फिरला तर इलेक्ट्रॉन पूर्वपदावर येतात, हे खरंच. पण चंचुपात्रातून अभिक्रियाकारक काढून घेऊन हे दाखवण्याचा प्रयोग नाही, आणि मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र तसलंच काहीतरी उभं राहतं. तिसरी जागा चिन्हांची. इंडक्टिव्ह परिणामातलं अधिक-उणे गटाचं असतं. इलेक्ट्रोमेरिकमधलं, जोडी अभिक्रियाकारक चिकटणाऱ्या अणूकडे जाते की त्याच्यापासून दूर, यावर ठरतं. एकाच पाठात तीच चिन्हं दोन अर्थांनी वापरायची आणि मग गोंधळ झाला म्हणून मुलांना बोल लावायचा, हे बरं नव्हे.

इंगोल्डचा चौथा खण, जो आपण गाळला, त्याचं पुढे काय झालं? त्याला 1968 साली अनपेक्षित साक्षीदार मिळाला. पाण्यात मिथेनॉल हे टर्शरी ब्युटेनॉलपेक्षा जास्त आम्ल असतं, आणि अल्किल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतात म्हणून, असं त्याचं कारण पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं. जॉन ब्राउमन आणि लॅरी ब्लेअर यांनी द्रावक काढूनच टाकला आणि वायुरूपात मोजणी केली. क्रम नेमका उलटा निघाला: टर्शरी ब्युटेनॉल मिथेनॉलपेक्षा जास्त आम्ल. अल्किल गट जितका मोठा, तितका त्याचा इलेक्ट्रॉन-ढग लवचीक, आणि शेजारी ऋणप्रभार आला की तो त्यापासून मागे रेलून त्याला सांभाळून घेतो. शेजारी धनप्रभार आला तर तोच ढग पुढे झुकतो. अल्किल गटाला 'देणारा' अशी कायमची पाटी लावणं चूक; तो समोर जे येईल त्याला अनुसरतो. पाण्यात हे दिसत नाही, कारण तिथे पाण्याचे रेणूच आयनाला घेरतात आणि गुटगुटीत आयनाला घेरणं त्यांना जमत नाही. या प्रयोगाला मराठी पाठ्यपुस्तकात जागा मिळालेली मला तरी दिसली नाही.

राहिला वेळेचा प्रश्न: तात्पुरतं म्हणजे किती? दुहेरी कार्बन बंधाचं एक आंदोलन साधारण 20 फेम्टोसेकंदांत पुरं होतं. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एकावर पंधरा शून्यांइतका भाग. अणूंच्या या हालचाली पाहण्याची रीत अहमद झेवेल यांनी दिली, त्यांना 1999 चं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉन त्याहून चपळ. त्यांना गाठणाऱ्या अॅटोसेकंद स्पंदांबद्दल 2023 चं भौतिकीचं नोबेल अगोस्तिनी, क्राउस आणि लुलिए यांना मिळालं. 2014 मध्ये फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लावर असा स्पंद मारला तेव्हा प्रभार रेणूच्या एका भागातून दुसऱ्या भागात 4.3 फेम्टोसेकंदांच्या ठेक्यानं हेलकावताना आढळला. हे इलेक्ट्रोमेरिक सरकणं नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं: इथे अभिक्रियाकारक नव्हता, किरणानं इलेक्ट्रॉन उपटून काढला होता. पण इलेक्ट्रॉनांना किती कमी वेळ पुरतो, ते यावरून कळतं. सायनाइड कार्बोनिलजवळ येतो त्या अवधीत इलेक्ट्रॉनांना प्रत्येक क्षणी नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला मुबलक वेळ असतो. म्हणून सरकणं झटक्यानं होत नाही, अणूंच्या चालीनं होतं.

गेराल्ड क्निझिया आणि योहानेस क्लाइन यांनी 2015 साली हेच संगणकावर काढून दाखवलं. अभिक्रियेच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला इलेक्ट्रॉनांची कक्षकं मोजायची आणि ती एकापुढे एक मांडायची. जोडी एका बंधातून निघून दुसऱ्या जागी कशी सरकत जाते ते त्यात सलग दिसतं, आणि रॉबिन्सनच्या परंपरेतले बाण जिथून निघून जिथे पोचतात, तोच मार्ग क्वांटम यामिकीच्या गणितातूनही येतो.

मग अकरावीच्या पुस्तकाचं काय करायचं? इलेक्ट्रोमेरिक परिणाम काढून टाका, असं मी म्हणणार नाही; तो काढला तर मुलांना रेणू हे थिजलेले पुतळे वाटू लागतील. व्याख्येतून 'पूर्णपणे' हा शब्द जावा, 'वरचढ ठरतो' हे वाक्य जावं, इंडक्टोमेरिकला दोन ओळी मिळाव्यात. आणि उदाहरणादाखल एथिलीनऐवजी मेटा आणि पॅरा नायट्रोफेनॉल घ्यावेत, 8.4 आणि 7.15 हे आकडे शेजारी छापून. पीकेए म्हणजे काय हे मुलं त्याच वर्षी समतोलाच्या पाठात शिकलेली असतात.